फोटोत चेहरा पांढरा काहून पडते?

डिसेंबरात पांढरकवड्याहून माझी भाची आली ती फोन पुढे करतच. चुलत बहिणीच्या हळदीतले फोटो होते. "मावशी, आरशात त बरी दिसत होती मी. मंग फोटोत पीठ फासल्यावानी काहून दिसून राह्यली?"

फोटो खरंच तसा होता. कपाळ, नाकाचा शेंडा आणि डोळ्यांखालचा भाग पांढराफटक. मान मात्र तिच्या स्वतःच्या सावळ्या रंगाची. जणू एकीचं मुंडकं दुसरीच्या धडावर ठेवलं होतं.

मग तिने दुसरा फोटो दाखवला. पॅरिसच्या एका फॅशन शोमधल्या मॉडेलचा, चिनी मातीच्या बाहुलीसारखा चकाकणारा चेहरा. "असा चेहरा आपल्याला जमते का? अन् त्याचा फोटो आपल्याच वावरात काढता येते का?"

हे दोन्ही प्रश्न मला अनेक मुलींनी विचारले आहेत. वरवर वेगळे वाटले तरी त्यांचं उत्तर एकाच ठिकाणी सापडतं. चेहऱ्यावर पडलेला उजेड परत कसा फिरतो, ते एकदा कळलं की मेकअप, केस आणि कॅमेरा यांतलं निम्मं कोडं सुटतं.

१. धुकं आणि अप्पर लाइट

हिवाळ्यात पहाटे धुक्यातून गाडी चालवली असेल तर एक गोष्ट लक्षात आली असेल. अप्पर लाइट लावला की रस्ता दिसायचा सोडून समोर पांढरी भिंत उभी राहते. धुक्याचे बारीक थेंब तो उजेड सगळीकडे उधळतात, आणि दिवे आपल्या डोळ्यांच्या जवळच असल्यामुळे त्यातला बराचसा थेट आपल्याकडे परत येतो.

हळदीच्या फोटोत नेमकं हेच झालं होतं. मेकअप बसवण्यासाठी चेहऱ्यावर जी अगदी हलकी, पारदर्शक पावडर थापतात, तिच्यात बहुधा सिलिका असते. अनेक सनस्क्रीन आणि फाउंडेशनमध्ये टायटॅनियम डायऑक्साइड किंवा झिंक ऑक्साइड असतं. भिंतीच्या पांढऱ्या रंगात वापरतात तेच हे टायटॅनियम डायऑक्साइड. साध्या उजेडात या पावडरी दिसत नाहीत, कारण उजेड चारी बाजूंनी येतो आणि चारी बाजूंना जातो. फोनचा फ्लॅश मात्र लेन्सला चिकटून असतो. तो समोरून आदळतो आणि पावडरचा प्रत्येक कण त्याला उलट पावली लेन्सकडे पाठवतो. आरशापुढे फ्लॅश नव्हता, म्हणून तिथे ती बरी दिसली. आरसा खोटं बोलला नव्हता.

याची परीक्षा घरीच करता येते. कार्यक्रमाच्या आदल्या रात्री अर्ध्याच चेहऱ्यावर पावडर लावा, खोलीतला दिवा मालवा आणि कोणाला तरी दोन हातांवरून फ्लॅश मारून फोटो काढायला सांगा. दोन्ही गाल सारखे दिसले तर पावडर ठेवा. एक गाल पिठासारखा दिसला तर ती डबी त्या दिवसापुरती बाजूला. आणि पावडर लागतेच कुठे, तर नाकाच्या कडेला, कपाळाच्या मधोमध आणि हनुवटीवर. बाकी चेहऱ्याला तिची गरज नाही.

२. रॅम्पवरचा चेहरा कोणासाठी असतो?

रॅम्प म्हणजे एक लांब वाट. दोन्ही बाजूंना माणसं, वरून जोरदार दिवे, आणि टोकाला कॅमेऱ्यांची रांग. मॉडेल काही सेकंदांत नजरेआड होते. तेवढ्यात दिसायचं असेल तर चेहऱ्यावर एकच ठळक गोष्ट असावी लागते: लांबवर ओढलेलं काजळ, गडद ओठ किंवा चकाकती त्वचा. सगळंच ठळक केलं की काहीच दिसत नाही.

ही समज आपल्या रंगभूमीला फार आधीपासून आहे. नारायणराव राजहंस म्हणजे बालगंधर्व (१८८८ ते १९६७) स्त्रीभूमिका करत, तेव्हा सर्वांत मागे बसलेल्या प्रेक्षकालाही भुवई आणि ओठ दिसले पाहिजेत, अशी रंगभूषा असे. आणि त्या काळच्या घरंदाज बायका त्यांच्यासारखं लुगडं नेसत, त्यांच्यासारखा अंबाडा बांधून गजरा माळत. रंगमंचावरचं रूप घरी आणताना त्या रंग कमी करत आणि घाट ठेवत. आजची मुलगी पॅरिसचा फोटो पाहून हेच करू पाहते आहे, त्यामुळे तिला नटवी म्हणून हिणवण्याचं मला तरी काही कारण दिसत नाही.

पांढरकवड्याच्या दक्षिणेला पैनगंगा ओलांडली की आदिलाबादचा मुलूख लागतो. तिथे दिवाळीत गोंडांचे घुसाडी नाचतात. डोक्यावर मोरपिसांचा भला मोठा मुकुट, अंगाला राख. या नाचासाठी मार्लवाईच्या कनक राजूंना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. अंधाऱ्या रात्री, लांबून, नाचता माणूस दिसावा असं ते रूप आहे. पण ते त्यांचं देवकार्य आहे. फोटोसाठी तो मुकुट कोणी डोक्यावर घेऊ नये, असं मला मनापासून वाटतं. शिकायचं तर एवढंच, की उजेड कमी आणि अंतर जास्त असेल तर रूपाची बाह्यरेषा मोठी लागते.

फोटोत उलट असतं. कॅमेरा दोन मीटरवर असतो आणि पापणीचा केसही टिपतो. म्हणून रॅम्पवरून कल्पना घ्यायची, मापं मात्र आपल्या अंतराची ठेवायची.

३. काचेचा चेहरा

भाचीने दाखवलेला फोटो जानेवारी २०२४ मधल्या मेझों मार्जिएला या फॅशन हाउसच्या शोचा होता. पॅरिसमध्ये एका पुलाखाली झालेला, डिझायनर जॉन गॅलियानोने मांडलेला. चेहरे पॅट मॅकग्राथ या ब्रिटिश रंगभूषाकार बाईंनी केले होते. ते कसे केले, यावर जगभर तर्क चालले. मग बाईंनीच उलगडा केला: सोलून काढायचे साधे फेसमास्क पाण्यात पातळ करायचे, एअरब्रशने चेहऱ्यावर थरावर थर फवारायचे आणि प्रत्येक थर वाळवायचा.

हे घरी करू नका. नाकाडोळ्यांजवळ फवारा मारणं हे शिकलेल्या हाताचं काम आहे. पण ती चकाकी येते कशी, ते मात्र समजून घेऊ.

चुन्याने पोतारलेली भिंत आणि शेणाने नुकतंच सारवलेलं ओलं अंगण डोळ्यांपुढे आणा. भिंत खडबडीत, ती उजेड सगळीकडे पांगवते, म्हणून कुठूनही सारखीच दिसते. ओल्या अंगणावर पाण्याचा गुळगुळीत पापुद्रा असतो. तो उजेड एकाच दिशेने परतवतो, म्हणून एका जागेवरून पाहिलं तर तिथे आभाळ चमकतं. चेहरा काचेसारखा दिसावा असं वाटत असेल तर त्वचेवर तसाच सपाट, पातळ पापुद्रा हवा. पावडर म्हणजे चुन्याची भिंत. पावडर आणि काच एकाच जागी नांदत नाहीत.

आम्ही केलं ते असं. चेहरा धुऊन हलकं मॉइश्चरायझर लावलं आणि दहा मिनिटं मुरू दिलं. फाउंडेशनचे वाटाण्याएवढे दोनच थेंब, ओल्या स्पंजने थापटून बसवले. पुसलं की पट्टे उठतात, थापटलं की मिसळतं. गालाच्या उंचवट्यावर, नाकाच्या दांड्यावर आणि वरच्या ओठाच्या मधल्या खळीवर पारदर्शक क्रीम बोटाने टेकवलं. चमक फक्त या तीन जागी ठेवली. सगळा चेहरा चमकवला तर फोटोत ती काच वाटत नाही, घाम वाटतो. आणि मे महिन्यात, पारा पंचेचाळीसच्या घरात असताना, हा प्रयोग आपल्याकडे करूच नये. मेकअपखालून घाम फुटला की पापुद्रा तडकतो.

ठळक गोष्ट म्हणून काजळ निवडलं. खालच्या पापणीची रेघ जिकडे वर चढते, तीच पुढे कानशिलाकडे तर्जनीच्या एका पेराएवढी ओढली. डोळा उघडा ठेवूनच ओढायची. मिटून ओढलेली रेघ डोळा उघडला की मोडते. ओठ तिच्या स्वतःच्या रंगाचेच ठेवले.

४. आपला रंग ओळखणं

इथे जरा थांबते.

माझ्या स्वतःच्या लग्नाच्या अल्बममध्ये एका स्टुडिओने मला न विचारता गोरं करून दिलं होतं. माझ्या आईने पहिलं पान उघडलं आणि विचारलं, "ही कोण वो?" त्याचं मला आजही वाईट वाटतं. त्या दिवसाचा माझा खरा चेहरा माझ्याकडे नाही.

गोरेपणाचं हे वेड जुनं आहे. फेअर अँड लव्हली १९७५ मध्ये बाजारात आली. तिच्या नावातला 'फेअर' जायला २०२० उजाडावं लागलं. कॅमेऱ्याच्या दुनियेतही हेच होतं. रंगीत फोटोंच्या सुरुवातीच्या काळात प्रयोगशाळांमध्ये प्रिंटचे रंग जुळवायला एका गोऱ्या बाईचा नमुना-फोटो ठेवत. तिची कातडी बरोबर आली की प्रिंट बरोबर. सावळ्या माणसांचे चेहरे त्यात काळवंडत, हा दोष कोणाला मोठा वाटला नाही. पुढे लाकडी फर्निचर आणि चॉकलेटच्या जाहिराती करणाऱ्यांनी तपकिरी छटा नीट येत नाहीत म्हणून तक्रार केली, तेव्हा फिल्म सुधारली असं सांगतात. सागाच्या कपाटाला जो न्याय मिळाला, तो सागाच्या रंगाच्या माणसाला आधी मिळायला हवा होता.

तर फाउंडेशन आपल्याच रंगाचं घ्यायचं. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली आणि मनगटावर लावून ते कळत नाही. मनगटाचा रंग चेहऱ्याचा नसतो. जबड्याच्या कडेला, गाल आणि मान जुळतात तिथे, तीन छटांच्या तीन उभ्या रेघा ओढा. दुकानाबाहेर सावलीत या. वीस मिनिटं थांबा, कारण हवा लागून आणि त्वचेचं तेल मिसळून बरीच फाउंडेशन थोडी गडद होतात. मग जी रेघ शोधावी लागते, ती आपली. जी लगेच दिसते, ती दुसऱ्या कोणाची तरी. भाचीच्या बाबतीत दुकानातल्या बाईने दिलेली छटा दोन पायऱ्या उजळ निघाली. हळदीच्या फोटोतलं मुंडकं आणि धड वेगळं दिसण्याचं दुसरं कारण हे होतं.

५. केस आणि सुती शर्टाची इस्त्री

कापसाच्या जिल्ह्यात हे समजावणं सोपं आहे. सुती शर्टावर पाणी शिंपडून इस्त्री फिरवली की सुरकुती जाते, आणि तोच शर्ट दमट हवेत राहिला की पुन्हा चुरगळतो. असं का होतं? कापसाच्या धाग्यात शेजारशेजारचे रेणू एकमेकांना हलक्या बंधांनी धरून असतात. त्यांना हायड्रोजन बंध म्हणतात. हे बंध म्हणजे ब्लाउजचं टिचबटण: सहज निघतं, सहज लागतं. पाणी आणि उष्णता ही टिचबटणं काढतात. धागा सरळ होतो. पाणी उडून गेलं, धागा गार झाला, की टिचबटणं नव्या जागी लागतात.

केस कापसाचे नाहीत, केराटिन नावाच्या प्रथिनाचे आहेत. पण टिचबटणं तीच. म्हणून केसांना घाट द्यायचा तर ओले असताना द्यावा आणि पूर्ण वाळेपर्यंत, गार होईपर्यंत हात लावू नये. बहुतेकींचा घाट इथेच बिघडतो: घाई करून कोमट केस सोडतात आणि पंधरा मिनिटांत सगळं सैल पडतं. ओल्या केसांवर तापलेली इस्त्री तर कधीच लावू नये. आतलं पाणी उकळून केसात बुडबुडे होतात आणि केस तिथेच तुटतो.

रॅम्पवर हल्ली मधोमध भांग, केस चापूनचोपून मागे आणि मानेवर घट्ट अंबाडा फार दिसतो. परदेशी मासिकं त्याला नवं म्हणोत. आपल्या आज्या रोज तेल लावून तेच करत. तेलाने केस चमकतात ते वरचे खवले सपाट बसतात म्हणून, आणि सगळे केस एका दिशेला असले की अंगणाच्या ओलाव्यासारखा उजेड एकत्र परततो म्हणून. तेल चमक देतं पण धरून ठेवत नाही. त्यामुळे ओल्या केसांना जेल लावलं, बारीक दातांच्या फणीने मागे ओढलं, भांग नाकाच्या रेषेत काढला, आणि वरून ओढणी घट्ट बांधून वीस मिनिटं तशीच ठेवली. ओढणी सोडल्यावर तळहातावर दोन थेंब खोबरेल चोळून वरून नुसता हात फिरवला. कपाळाच्या कडेचे बारीक केस जुन्या, धुतलेल्या टूथब्रशने बसवले.

हेअर स्प्रे मारायचा तर घरीच मारावा. तो पेट घेतो, आणि आम्हाला जायचं होतं कापसाच्या गंजीपाशी.

६. काळी माती, पांढरा कापूस

स्वयंपाकाचा हात बसलेली बाई चव न घेता मीठ घालते आणि बहुतेक वेळा ते बरोबर पडतं. पण त्या दिवशी भाजीत आधीच खारी मिरची असेल तर अंदाज चुकतो. कॅमेऱ्याचं मीटर असंच आहे. समोरचं दृश्य सरासरीने मध्यम करडं आहे, म्हणजे पडलेल्या उजेडातला सुमारे १८ टक्के परत पाठवतं, असं ते गृहीत धरतं आणि त्या हिशोबाने उजेड आत घेतं.

आता मुलीला नांगरलेल्या काळ्या वावरात उभी करा. चौकटीत तीन भाग काळी माती. मीटरला वाटतं उजेड कमी आहे, ते जास्त उजेड घेतं. माती राखाडी होते आणि चेहरा उडतो, पांढरा पडतो. फ्लॅश नसतानाही! तीच मुलगी कापसाच्या गंजीपुढे उभी केली की मीटरला वाटतं उजेड फार झाला. ते कमी घेतं. कापूस मळकट दिसतो आणि चेहरा काळवंडतो.

उपाय आकड्यांत असा. काळ्या मातीपुढे कॅमेऱ्याने १/१२५ सेकंद सुचवला, तर आपण १/२५० ठेवायचा. उजेड निम्मा होतो. छायाचित्रकार याला एक स्टॉप कमी म्हणतात. गंजीपुढे १/५०० सुचवला, तर १/२५० ठेवायचा, उजेड दुप्पट. फोनवर हे आकडे दिसत नसतील तर चेहऱ्यावर बोट दाबून धरा, सूर्याचं छोटं चित्र येईल. मातीपुढे ते खाली ओढा, कापसापुढे वर. हल्लीचे फोन चेहरा ओळखून बरंचसं स्वतःच सावरतात, पण सावळ्या चेहऱ्याला ते अजूनही पुष्कळदा उजळवून ठेवतात. त्यामुळे शेवटी गाल आणि मान ताडून पाहायची, ते आपल्या डोळ्यांचं काम.

७. नाक मोठं का दिसतं?

हे थोडक्यात. नाकाचा शेंडा कानापेक्षा साधारण १० सेंटिमीटर पुढे असतो असं धरा. सेल्फीत फोन नाकापासून ३० सेंटिमीटरवर, म्हणजे कानापासून ४० वर. चाळीस भागिले तीस, १.३३. कानाच्या मानाने नाक एक तृतीयांश मोठं पडतं. आता फोन दीड मीटरवर नेला: १६० भागिले १५० म्हणजे १.०७. फरक जवळपास मिटला. नाकात काहीही दोष नसतो, अंतर चुकलेलं असतं. दीड-दोन मीटर मागे जायचं, आणि फोनला दुपटीची वेगळी लेन्स असेल तर ती वापरायची.

८. वावरातली सकाळ

आम्ही साडेसातला पोचलो. ऊन तिरपं होतं. डोक्यावरचं ऊन डोळ्यांच्या खोबणीत आणि नाकाखाली काळ्या सावल्या पाडतं, म्हणून अकरानंतरचे फोटो मी काढतच नाही. भाचीला बांधावरच्या बाभळीच्या सावलीत, पण सावलीच्या कडेला, मोकळ्या आभाळाकडे तोंड करून उभी केली. आभाळाचा तुकडा जितका मोठा तितकी सावली मऊ. गालावरची काच तिथेच उमटली, कारण परतवायला समोर काहीतरी उजळ लागतं. बंद खोलीत पिवळ्या बल्बपुढे तीच त्वचा नुसती तेलकट दिसली असती. मागे नांगरलेली काळी माती होती, म्हणून एक स्टॉप कमी, म्हणजे मायनस एक.

हनुवटीखाली तरीही अंधार होता. तिथे खालून उजेड परतवायला काही पांढरं हवं होतं. वेचणीला आलेल्या काकूंनी कापूस बांधायला आणलेलं जुनं पांढरं धोतर सोडलं आणि भाचीच्या कमरेच्या उंचीवर दोन्ही हातांनी ताणून धरलं. लगेच मानेवरची सावली विरघळली, आणि दोन्ही बुबुळांत खालच्या कडेला एक बारीक पांढरी रेघ उमटली. धोतर एक वीत खाली गेलं की रेघ जाई, वर आलं की परत येई. काकूंनी ते लगेच हेरलं आणि मग मी न सांगताच त्या नेम धरू लागल्या.

चाळीसेक फोटो झाले. भाचीने पहिला फोटो मोठा करून आधी गाल पाहिला, मग मान, मग पुन्हा गाल. काही बोलली नाही, फोन छातीशी धरून बसली.

ऊन चढायला लागलं तसं मी आवरायला घेतलं. तेवढ्यात काकू म्हणाल्या, "बाई, माहा बी एक काढसान का?" त्यांनी पदराने तोंड पुसलं, पदर नीट खोचला आणि त्याच जागी येऊन उभ्या राहिल्या. आता धोतर भाचीने धरलं. अंतर तेच, उजेड तोच, मायनस एक तसाच ठेवला.